सहनशील वाणाचं कोळंबी बीज: चार तलाव, दोन पिकं, दहा महिने

आमचे पालघर तालुक्यात खाडीलगत चार तलाव आहेत, प्रत्येकी अर्धा हेक्टर. व्हनामेई या जातीच्या कोळंबीचं हे बारावं वर्ष. तलावावरची मेहनत यजमानांची आणि धाकट्या दिरांची. बीजाची (म्हणजे तलावात सोडायच्या बारीक पिल्लांची) खरेदी, खाद्याचा हिशेब, तपासण्या आणि वह्या माझ्याकडे. गेल्या मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा ‘व्हायरसला सहनशील’ म्हणून विकलं जाणारं बीज सोडलं आणि डिसेंबरात त्याचं दुसरं पीक काढलं. दोन्ही पिकांच्या वह्या समोर ठेवून हे लिहिते आहे. हॅचरीचं, म्हणजे पिल्लं तयार करून विकणाऱ्या केंद्राचं, नाव लिहिणार नाही. चार तलावांच्या जोरावर कुणाला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही. वाणाचा स्वभाव मात्र जवळून पाहिला, तोच सांगते.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगानं आठवड्याभरात आमचे चारही तलाव रिकामे केले. ४८ वा दिवस होता, कोळंबी जेमतेम आठ-नऊ ग्रॅमची. सकाळी बांधाच्या कडेला लालसर पडलेली, सुस्तावलेली कोळंबी आणि तिच्यावर बगळ्यांची झुंबड. खाद्याची उधारी डोक्यावर आणि विकण्याजोगं हातात काही नाही. ज्यांनी हे सोसलं आहे त्यांना ‘सहनशील’ हा शब्द किती ओढून घेतो ते सांगायला नको.

मांडणी अशी केली: एक आणि दोन नंबरच्या तलावात नेहमीचं जलद वाढीचं बीज, तीन आणि चारमध्ये सहनशील. सगळीकडे चौरस मीटरला ३५, म्हणजे तलावाला पावणेदोन लाख. खाद्य एकच, एरिएटर (पाण्यात हवा घालणारी यंत्रं) सारखे, पाणी एकाच साठवण तलावातलं. सहनशील बीज नगामागे १२ पैशांनी महाग पडलं, तलावाला २१ हजार जास्त.

पहिलं पीक मार्च ते जून. रोग आला नाही, आणि तिथेच या बीजाची खरी किंमत कळली. शंभराव्या दिवशी जलद वाढीची कोळंबी सरासरी २८ ग्रॅम, म्हणजे ३६ काउंट (किलोत ३६ नग). सहनशील २३ ग्रॅम, ४३ काउंट. जगण्याचं प्रमाण ८४ आणि ८७ टक्के, तिथे फारसा फरक नाही. जलद वाढीच्या तलावातून ४,१०० किलो निघाली, सहनशीलच्या तलावातून ३,५००. सहाशे किलो कमी, शिवाय काउंट बारीक म्हणून भावही कमी. दीर म्हणाले, “वहिनी, एवढा फरक पडणार असेल तर पुन्हा नको हे बीज.” त्यांचं चुकत नव्हतं. पण एका पिकावरून सोडून द्यायला माझं मन तयार होईना, म्हणून मी हे वाण मुळात बनतं कसं ते समजून घ्यायला बसले. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत शिकलेली ओळखीतली एक मुलगी आहे. तिनं दोन रविवार घालवून मला हे शिकवलं, तिचे आभार इथेच मानते.

पहिला गोंधळ एसपीएफ या शब्दाचा. २००९ मध्ये भारतात व्हनामेई आली तेव्हापासून हे अक्षर प्रत्येक बिलावर असतं. परदेशातून येणारे जनक प्राणी चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रात तपासूनच हॅचरीला मिळतात. पण एसपीएफचा अर्थ एवढाच, की यादीतले ठरावीक रोगजंतू त्या प्राण्यात नाहीत. ही त्याच्या आजवरच्या स्वच्छतेची नोंद झाली. रोग अंगावर आला तर तो तग धरेल का, हे त्याच्या जनुकांवर ठरतं आणि त्याबद्दल एसपीएफ काहीच सांगत नाही. प्रतिकारक म्हणजे जंतूला शरीरात मूळच धरू न देणारा. सहनशील म्हणजे जंतू शिरतो, थोडाफार वाढतोही, पण प्राणी मरत नाही. आमचं बीज या शेवटच्या प्रकारातलं. बीज घेणाऱ्या प्रत्येकाने हे तीन शब्द वेगळे ओळखायला हवेत, कारण विक्रेते ते एकाच दमात उच्चारतात.

कोळंबीत आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. माशाला टोचता येते तशी लस तिच्यासाठी नाही, त्यामुळे निवड-पैदाशीवर सगळी भिस्त. पैदास केंद्रात एका कुटुंबातली काही भावंडं वेगळ्या, बंदिस्त प्रयोगशाळेत नेऊन त्यांना मुद्दाम विषाणू देतात. ज्या कुटुंबातली जास्त जगली, त्या कुटुंबाची बाहेर सुरक्षित ठेवलेली निरोगी भावंडं पुढच्या पिढीचे जनक होतात. टॉरा रोगावर ही रीत छान चालली. १९९२ मध्ये इक्वेडोरच्या टॉरा नदीकाठी सापडलेला हा विषाणू एके काळी शेतंच्या शेतं संपवायचा. काही पिढ्यांच्या निवडीनं त्याला पुरून उरणारी कोळंबी तयार झाली.

नॉर्वेच्या सामन माशाची गोष्ट तर मला फारच आवडली. तिथे आयपीएन नावाचा विषाणू पिल्लं मारायचा. २००८ च्या सुमारास कळलं, की प्रतिकाराचा बहुतेक भाग २६ व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी बांधलेला आहे. पुढे त्या जागी पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनाचं जनुक सापडलं. विषाणू पेशीत शिरतो तो याच प्रथिनाच्या दारातून, असं दिसलं. जागा कळली तेव्हापासूनच जनकांचा डीएनए तपासून योग्य रूप असलेलीच अंडी विकायला सुरुवात झाली आणि तिथला हा रोग झपाट्यानं ओसरला.

पांढऱ्या ठिपक्यांना असं एक दार आजवर सापडलेलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा-थोडा वाटा, आणि आईबापांकडून पिल्लांत उतरणारा भाग कमी. त्यातून कोलंबियातल्या २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की या रोगात टिकणारी कुटुंबं वाढीला मागे पडतात. व्हनामेईचा संपूर्ण जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: २५ हजारांहून जास्त जनुकं, आणि जवळपास पाव भाग त्याच त्या अक्षरांच्या पुनरावृत्तीचा, म्हणून तो जुळवायला एवढा काळ लागला. आता हजारो खुणा एकदम तपासून निवड करतात, त्यामुळे वाढ आणि टिकाव एकत्र आणणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तरी माझ्या तलावातले पाच ग्रॅम कुठे गेले याचं उत्तर मला मिळालं होतं. दिरांना वहीत काढून दाखवलं. ते म्हणाले, “ठीक आहे, ऑगस्टचं पीक बघू.”

१२ ऑगस्टला दुसरं बीज सोडलं, मांडणी तीच. सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतीचा पाऊस दोन दिवस कोसळला, पाण्याचा खारेपणा १८ वरून ९ वर आला, रात्री पाणी गार व्हायला लागलं. ६२ व्या दिवशी दोन नंबरच्या चेक ट्रेमध्ये (खाणं तपासायला पाण्यात ठेवतो त्या ताटात) खाद्य तसंच राहिलं. संध्याकाळी कडेला सात मेलेली दिसली. कवच उचलून उजेडात धरलं तर पांढरे ठिपके.

चारही तलावांचे नमुने त्याच रात्री पीसीआरला, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, धाडले. दोन नंबर: सीटी २१. एक नंबर: सीटी २७. चार नंबर, म्हणजे सहनशील: तोही पॉझिटिव्ह, सीटी ३३. तीन नंबर त्या वेळी निगेटिव्ह. सीटी म्हणजे विषाणूचा डीएनए यंत्राला दिसेपर्यंत किती फेऱ्या लागल्या. दर फेरीला तो दुप्पट होतो. आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. २१ आणि ३३ मध्ये १२ फेऱ्यांचं अंतर, म्हणजे साधारण चार हजार पट.

दोन नंबर दुसऱ्याच दिवशी घाईनं काढला, एक नंबर पाच दिवसांनी. बारा-तेरा ग्रॅमची कोळंबी, दोन्ही मिळून दोन टनसुद्धा भरली नाही. (हा विषाणू माणसाला काही करत नाही, खाणाऱ्यांनी काळजी करू नये.) चार नंबरचं काय करायचं यावर घरात रात्रभर बोलणं झालं. यजमानांचं म्हणणं, काढून मोकळं होऊ. मी आठ दिवस मागितले. खाद्य निम्म्यावर आणलं, एरिएटर रात्रभर चालू ठेवले, खनिजं वाढवली, पाणी अजिबात बदललं नाही. रोज सकाळी मेलेली मोजायची आणि लिहायची: २२, ३१, ४०, ३८, २७, १९. कडेला दिसतात त्यापेक्षा तळाशी कितीतरी जास्त मरतात हे ठाऊक होतं, तरी आकडा उतरताना पाहिला त्या सकाळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा तलाव ११२ व्या दिवशी निघाला: २० ग्रॅम, ६१ टक्के जगली, २,१०० किलोच्या वर.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. जगलेली कोळंबी निरोगी नव्हती, विषाणू बाळगून होती. पन्नास दिवस आमच्या तलावात तो जिवंत होता. ते पाणी खाडीत सोडलं असतं तर शेजारच्या बांधापलीकडे साधं बीज टाकलेल्यांचं काय झालं असतं? आम्ही पीक काढल्यावर पाणी ब्लीचिंग टाकून सात दिवस कोंडून ठेवलं, खेकड्यांसाठी बांधाला जाळी लावली, तलावागणिक वेगळी जाळी-बादल्या वापरल्या. सहनशील बीज घेणाऱ्याची ही जबाबदारी आहे. एवढं करायची तयारी नसेल तर कृपा करून घेऊ नका.

तीन नंबरमध्ये पांढरे ठिपके उशिरा आले आणि फार मर झाली नाही. पण तिथे दुसरंच दुखणं निघालं. ऐंशीव्या दिवशी जाळ्यात एकाच वेळी आठ ग्रॅमची आणि वीस ग्रॅमची कोळंबी यायला लागली, पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे. तपासणीत ईएचपी. हा विषाणू नाही, बुरशीच्या जवळचा सूक्ष्म परजीवी आहे. तो कोळंबीच्या यकृतात बसून वाढ खातो. आमच्या बीजाची निवड झाली होती पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसमोर, त्याचा ईएचपीशी काही संबंध नाही. विकताना मात्र आम्हाला “सगळ्या रोगांवर चालतं” असं तोंडी सांगितलं गेलं होतं. ते खोटं होतं आणि त्याचा मला राग आहे. यापुढे कोणत्या रोगासमोर निवड झाली आणि त्या चाचणीत किती टक्के जगली, हे लेखी मागणार.

बीजाच्या तपासणीतही आमची चूक झाली होती. नमुन्याला वीसच पिल्लं दिली होती. शंभरात दोन बाधित असतील तर वीस पिल्लांत त्यातलं एखादं सापडण्याची शक्यता फार तर तीनात एक. दीडशे पिल्लं दिली तर पंच्याण्णव टक्के खात्री होते. ईएचपीसाठी बीजाणूच्या कवचातल्या प्रथिनाच्या जनुकावर आधारलेली चाचणी मागा. जुनी चाचणी कधी कधी दुसऱ्याच परजीवीला ईएचपी ठरवते. आणि स्वस्तात मिळतं म्हणून तलावातल्याच कोळंबीपासून काढलेलं बीज घेऊ नका. ते नियमाबाहेर तर आहेच, पण भाऊ-बहिणींच्या पैदाशीतून आलेली पिल्लं रोगाला लवकर बळी पडतात.

वर्षाचा हिशेब मांडला तर जलद वाढीच्या तलावातून सरासरी ५,१०० किलो, सहनशीलमधून ५,६०० च्या आसपास. फरक थोडा वाटेल, पण ऑक्टोबरातल्या रोगानंतरही उधारी फेडता आली ती तीन आणि चार नंबरच्या भरवशावर. रोग आलाच नसता तर हाच हिशेब उलटा झाला असता. म्हणून हंगामाप्रमाणे वाण, असं आम्ही ठरवलं आहे. उन्हाळ्यात आमचं पाणी ३२ अंशांच्या आसपास असतं आणि एवढ्या उबेत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू मंदावतो, म्हणून मार्चला जलद वाढीचं बीज. ऑगस्टला चारही तलावांत सहनशील, पण चौरस मीटरला २५ च. इक्वेडोरमध्ये १९९९ च्या साथीनंतर तलावात वाचलेल्या कोळंबीतूनच पैदास करत गेले, पण ते सोडतातही विरळ. वाण आणि दाटी यांचा विचार तिथे एकत्र होतो, आम्ही तो केला नव्हता.

तीन नंबरमध्ये या मार्चला काहीच सोडणार नाही. ईएचपीचे बीजाणू तळाच्या चिखलात राहतात आणि साध्या वाळवणीनं मरत नाहीत. हेक्टरी सहा टन कळीचा चुना नांगरून मिसळायचा, ओलावा द्यायचा, मातीचा सामू (पीएच) १२ पर्यंत चढायला हवा. परवा आमचे तीन टन आले. दीर आणि दोन गडी तोंडाला फडकी बांधून पसरतायत, सामू मोजायची वही मी आजपासून सुरू केली आहे.