‘नळी गेली’ म्हणून आबांच्या रायफलीची चांगली नळी घालवली

आमच्या आबांची .३१८ वेस्टली रिचर्ड्स रायफल गेल्या वर्षी एका शस्त्रविक्रेत्याने खराब करून ठेवली, आणि त्यासाठी ३८ हजार रुपये मी माझ्या हाताने मोजून दिले. ज्यांच्या घरात आजोबांचं हत्यार आहे आणि ते नावावर करून घ्यायची धावपळ चालली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचं गाव राधानगरीकडचं. दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आबांची रायफल कपाटात गेली ती कायमची. खंडेनवमीला तेवढी पूजेसाठी बाहेर यायची. पुढे ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या परवान्यावर आली.

अण्णा गेले. परवानाधारक वारल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. वारसाच्या नावावर परवाना होईपर्यंत ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मी विक्रेता निवडला. दुकानात जास्त काळजी घेतील असं वाटलं. पावतीवर त्याने फक्त ‘जुनी रायफल, एक नग’ एवढंच लिहिलं आणि मीही ती तशीच खिशात घातली.

आठवड्याभरात फोन आला. “पावणं, नळी गेली की हो तुमची. येऊन बघा.”

गेलो. त्याने नळीच्या तोंडात व्हर्नियर (माप घ्यायचं हत्यार) घातला आणि आकडा दाखवला, ८.३८ मिलिमीटर. मग कॅल्क्युलेटरवर .३१८ इंचाचे मिलिमीटर करून दाखवले, ८.०८. “पाव मिलिमीटरच्या वर झिजलीय. आतून बघा, खड्डेच खड्डे.” मी नळी उजेडाकडे धरली. आत खरंच करडे, खडबडीत डाग होते. तो म्हणाला, आहे तशी पंधरा हजाराला देऊन टाका, नाहीतर नळी आतून साफ करून वरून नवा काळा रंग चढवून देतो. आबांची वस्तू विकायचा विचारसुद्धा मनात आला नाही. मी कामाला हो म्हटलं. पैसे रोख दिले, बिल मागितलं नाही.

परवाना हातात आल्यावर रायफल घरी आणली. आरशासारखी चकाकत होती. आईला तर फार बरं वाटलं. आमचे मामा लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी बोल्ट काढला, नळीतून एकदा पाहिलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग मला समोर बसवून समजावलं. रायफलीच्या नळीत आटे असतात, म्हणजे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खोल चऱ्या. .३१८ हे नाव समोरासमोरच्या उंचवट्यांमधल्या अंतरावरून पडलंय. गोळी चऱ्यांच्या मापाची, म्हणजे .३३० इंचाची. .३३० म्हणजेच ८.३८ मिलिमीटर. विक्रेत्याने मोजलेलं माप नव्या नळीचंच होतं! शिवाय गोळ्या झाडून होणारी झीज आधी मागे दिसते, काडतुसाच्या घराच्या लगेच पुढे, जिथं तापलेल्या वायूचा मारा बसतो. नळीच्या तोंडाशी माप घेऊन ती कळतच नाही. आणि आतले खड्डे? ते जुन्या गोळ्यांवरच्या निकेलमिश्रित आवरणाचे चिकटलेले पापुद्रे असणार. अमोनियाच्या द्रावणाने ते हळूहळू सुटतात.

विक्रेत्याने मात्र सळईला पॉलिश पेपर गुंडाळून ड्रिल मशिनने फिरवलेला होता. आत आडवे, गोल ओरखडे दिसत होते. मामांनी मऊ शिशाची गोळी करून मागून लाकडी दांड्याने हलक्या हाताने सरकवली. मधल्या भागात ती घट्ट चालली. तोंडाकडच्या शेवटच्या चार बोटांत मात्र ती सैल पडली आणि बोटाच्या नुसत्या धक्क्याने बाहेर आली. ती माझ्या तळहातावर ठेवून मामा म्हणाले, “झीज ही. आबांची न्हवं, ह्या मशीनची.”

आबा कशी निगा राखायचे ते मला आठवतं. जुन्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांमुळे नळीत क्षार राहतो. तो मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो आणि तेलाने जात नाही. म्हणून शिकारीहून आल्यावर आबा काडतुसाच्या बाजूने, नरसाळ्यातून, उकळतं पाणी नळीत ओतायचे. मग ती कोरडी करून तेलाचा पातळ हात फिरवायचे. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात रायफल कधीच ठेवू द्यायचे नाहीत, चामडं ओल धरतं म्हणून. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल लावायचे. पॉलिश पेपर आमच्या घरात त्या रायफलीला कधी लागला नव्हता.

नळीपेक्षाही मोठी अडचण पुढे आली. बाहेरून घासताना बर्मिंगहॅमला नळी तपासून मारलेले चाचणीचे शिक्के पुसट झाले आणि नळीवरच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे गेले. हत्यारावरचा ओळखनंबर पुसायला शस्त्र कायद्याच्या कलम ८ ची मनाई आहे, आणि नंबर पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो पुसला असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणतो, नंबर आधीपासूनच असा होता. माझ्याकडे ना फोटो, ना नंबर लिहिलेली पावती. जमा करताना नळी, नंबर, शिक्के यांचे जवळून फोटो काढून पावतीवर नंबर लिहून घेतला असता, तर आज त्याला असं बोलता आलं नसतं.

चापाच्या कड्याच्या पट्टीवर तोच नंबर कोरलेला आहे. तिथं मळ साचला होता, म्हणून तेवढी जागा मशीनमधून वाचली. मामांनी टूथब्रशने ती साफ केली आणि अण्णांच्या जुन्या परवान्याशी एकेक आकडा ताडून पाहिला. त्याचा फोटो जोडून मी परवाना शाखेत लेखी अर्ज दिला आहे. रायफल पोलीस ठाण्यात जमा केली, या वेळी पावतीवर पूर्ण नंबर घालून. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे, मामा सोबत येणार आहेत.