वर्डप्रेसचे लॉगिन: वापरकर्तानाव किंवा ईमेल, एकाच रकान्यात

ईमेल पत्ता बहुतेकांना तोंडपाठ असतो. एखाद्या साइटवर कधीकाळी घेतलेले वापरकर्तानाव मात्र आठवतेच असे नाही. हवे ते नाव आधीच कोणीतरी घेतलेले असते, म्हणून त्याला एखादा आकडा जोडला जातो आणि काही महिन्यांनी नेमका तोच आकडा डोक्यातून निघून जातो. वेबसाइट तयार करण्याचे आणि चालवण्याचे सॉफ्टवेअर असलेल्या वर्डप्रेसने एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या ४.५ या आवृत्तीपासून ही अडचण मुळातूनच सोडवली. तोवर ईमेलने लॉगिन करू द्यायचे असेल, तर साइटच्या मालकाला वेगळे प्लगिन, म्हणजे जादा सोय देणारे जोड-सॉफ्टवेअर, बसवावे लागे. आता एकाच रकान्यात वापरकर्तानाव किंवा ईमेल यांपैकी काहीही लिहिता येते.

या सोयीची रचना मला मनापासून आवडते. आलेल्या मजकुरात ॲट चिन्ह दिसले की तो ईमेलच आहे, असा सोपा तर्क अनेक घरगुती उपायांत केलेला असतो. परंतु वर्डप्रेसमध्ये वापरकर्तानावातही ते चिन्ह चालते, त्यामुळे ज्यांचे नावच ईमेलसारखे दिसते, त्यांना असा तर्क दाराबाहेर ठेवतो. वर्डप्रेस आलेला मजकूर आधी वापरकर्तानाव म्हणून तपासते, आणि तिथे जुळणी झाली नाही व मजकूर ईमेलच्या साच्यात बसत असला, तरच तो ईमेल म्हणून तपासते. दोन्ही तपासण्या ‘ऑथेंटिकेट’ या एकाच फिल्टरवर (वर्डप्रेसच्या कोडमध्ये असे तुकडे जोडण्या-काढण्यासाठी ठेवलेल्या जागेवर) स्वतंत्रपणे जोडलेल्या असल्यामुळे ज्याला ईमेलची वाट बंद करायची आहे, त्याला एका ओळीचा कोड पुरतो.

बारीकसारीक गोष्टींतही काळजी घेतलेली दिसते. रकाना ईमेलच्या प्रकारचा न ठेवता साध्या मजकुराचा ठेवला आहे, नाहीतर ब्राउझरने वापरकर्तानाव चुकीचे ठरवून फॉर्म पुढे जाऊच दिला नसता. मोबाइलचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, ते येथे बंद केलेले आहे. आपोआप भरल्या गेलेल्या मजकुराच्या शेवटी रिकामी जागा राहिली, तर तीही छाटली जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोन ओळखी एकमेकींची उणीव भरून काढतात. वर्डप्रेसमध्ये वापरकर्त्याला आपले वापरकर्तानाव बदलता येत नाही, ईमेल मात्र बदलता येतो. नोकरी सुटली आणि कार्यालयाचा पत्ता बंद पडला, तरी नाव आणि पासवर्ड लक्षात असलेला माणूस आत येऊन नवा पत्ता नोंदवू शकतो. म्हणूनच वापरकर्तानाव काढून टाकून केवळ ईमेल ठेवण्याचा आग्रह मला पटत नाही.

आता उणिवांकडे वळू. समजा, एखाद्याने ईमेल लिहिताना एक अक्षर गाळले. हा पत्ता अनोळखी आहे, पुन्हा तपासा किंवा वापरकर्तानाव वापरून पाहा, अशा अर्थाचा संदेश त्याला दिसतो. पण रकाना तोवर रिकामा झालेला असतो आणि त्याने लिहिलेला पत्ता संदेशातही नसतो. आपण काय लिहिले होते हेच समोर नसताना त्याने तपासायचे तरी काय? वापरकर्तानाव चुकले, तर निदान ते नाव संदेशात दाखवले जाते आणि केवळ पासवर्ड चुकला, तर रकान्यातील मजकूर तसाच राहतो. ईमेल लिहिणाऱ्यालाही तेवढी मदत मिळायला हवी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नाव चुकले की पासवर्ड, हे वर्डप्रेस वेगवेगळ्या संदेशांनी स्पष्ट सांगते. प्रामाणिक माणसाला याचा उपयोग होतो हे खरे. परंतु फुटलेल्या ईमेल पत्त्यांची यादी हाती असलेल्या माणसालाही त्यावरून कोणाचे खाते या साइटवर आहे, हे कळते. वापरकर्तानावांबाबत मी फारशी चिंता करणार नाही, कारण साइटवरील लेखकाच्या पानाच्या वेब-पत्त्यावरून ती बहुधा ओळखता येतात. ईमेल पत्ता मात्र थेट व्यक्तीपर्यंत पोचवतो. एखाद्या आजाराच्या रुग्णांसाठी चालवलेल्या साइटवर केवळ खाते असणे हीच खासगी बाब असते.

शिवाय चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालण्याची सोय वर्डप्रेसच्या गाभ्यात नाही. ती प्लगिनने आणावी लागते आणि ते निवडताना एक गोष्ट नीट तपासावी: मर्यादा रकान्यात लिहिलेल्या मजकुरावर मोजली जाते की त्यामागच्या खात्यावर? केवळ मजकुरावर मोजली गेली, तर हल्लेखोराला एकाच खात्यासाठी दुप्पट संधी मिळतात, नावाने एकदा आणि ईमेलने पुन्हा.

एवढे असूनही बहुतेक साइटनी ही सोय चालूच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ संदेश बदलून घ्यावेत: नाव, ईमेल, पासवर्ड यांपैकी काहीही चुकले, तरी ‘दिलेली माहिती जुळत नाही’ एवढेच दिसावे आणि लिहिलेला मजकूर रकान्यात तसाच राहावा. पासवर्ड विसरल्याच्या पानावरही हाच नियम लावावा, कारण नाव किंवा ईमेल तेही स्वीकारते आणि खाते नसल्याचे तेही सांगून टाकते.