एका स्टिकरखाली दुसरा स्टिकर

भांडुपला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. खिडक्यांच्या ग्रील, जिने, शटरची कामं, आणि पावसाळ्यात मंडळांच्या गणपतीच्या कमानी. मागच्या वर्षी गणपतीला बारा-तेरा दिवस उरले होते आणि इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन त्रास द्यायला लागलं. चार-पाच रॉड झाले की मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागायचा, आर्क बंद. मशीनच्या मागे हात धरला तर हवाच नाही. फॅन जाम झाला होता. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ खाऊन खाऊन बेअरिंग गेलं होतं.

फॅन काढला, पिशवीत टाकला आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. असलं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. जुन्या स्टिकरवर वाचता येत होतं ते असं: डीसी 24 व्होल्ट, 0.50 अँपिअर. माप 120 बाय 120, जाडी 38 मिलिमीटर. दोन दुकानांत स्वच्छ सांगितलं की हा आत्ता नाही, परवा या, मागवून ठेवतो. ते दुकानदार खरे होते. पण माझ्या डोक्यात मंडळाची तारीख होती, म्हणून पुढे गेलो.

पुढच्या एका गाळ्यात फॅनचा ढीगच पडला होता. माणसाने माझा फॅन उलटसुलट केला, आत गेला आणि तसाच दिसणारा एक घेऊन आला. स्टिकर कोरा करकरीत, 24 व्होल्ट, 0.50 अँपिअर. "सेम टू सेम है, बिनधास्त लगाओ." काउंटरवरच्या सप्लायच्या वायरी लावून फिरवूनही दाखवला. छान फिरला. 650 रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल. मी म्हटलं, राहू द्या. रोख पैसे दिले आणि निघालो.

संध्याकाळी बसवला. हवा अशी जोरात की मागची धूळ उडाली, आवाजही मोठा. माझा पोऱ्या म्हणाला, "शेठ, हा जुन्यापेक्षा भारी आहे." मलाही तसंच वाटलं. खरं तर तिथेच मशीन बंद करायला हवं होतं. त्याच मापाचा, त्याच आकड्यांचा फॅन जुन्यापेक्षा एवढा जोरात का फिरावा, हा प्रश्न मला पडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जळका वास आला. फॅन थांबला, आणि या वेळी पिवळा दिवासुद्धा लागला नाही. मशीन पूर्ण गप्प.

माझा भाचा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पॅनल वायरिंगचं काम करतो. रात्री तो आला. त्याने फॅन हातात घेतला, स्टिकरच्या कडेवर बोट फिरवलं आणि नखाने कोपरा उचलला. खाली दुसरा स्टिकर होता. डीसी 12 व्होल्ट, 0.70 अँपिअर. "मामा, हा भंगारातल्या कुठल्या तरी मशीनचा आहे. वरचा स्टिकर छापून लावलाय."

मग त्याने समजावलं ते मी इथे लिहितो, कारण तेवढं आधी ठाऊक असतं तर मी फसलो नसतो. 12 व्होल्टच्या फॅनला 24 दिले की तो आधी जोरातच फिरतो. त्यातून त्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त करंट जातो, गुंडाळी आणि आतलं ड्रायव्हर सर्किट तापतं आणि शेवटी जळतं. उलट 24 चा फॅन 12 वर लावला तर तो रेंगाळतो किंवा सुरूच होत नाही. दुकानातला सप्लाय 12 चाच असणार, म्हणून तिथे फॅन झकास दिसला. फॅन फिरला याचा अर्थ एवढाच की त्या सप्लायवर तो फिरतो. सप्लाय किती व्होल्टचा आहे हे मी विचारलं नाही, व्होल्ट-करंट मोजायचा मीटरही बरोबर नेला नव्हता.

फॅन एकटा गेला असता तर 650 वर भागलं असतं. पण जळताना त्याने बोर्डवरचा 24 व्होल्टचा छोटा सप्लायही नेला. दुरुस्तीला 5,200 रुपये, पाच दिवस भाड्याचं मशीन, आणि एक कमान हातची गेली. ते मंडळ यंदाही माझ्याकडे आलं नाही.

फॅनवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट येतात. माझ्या जुन्याचे 24 गुणिले 0.50, म्हणजे 12 वॅट. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अँपिअर जुन्याइतके किंवा थोडे कमी चालतात, पण फार कमी घेतले तर हवा कमी पडते आणि मशीन पुन्हा तापतं. जास्त घेतले तर बोर्डाचा सप्लाय तेवढा भार पेलेल याची खात्री नसते, त्यातून सुरू होताना फॅन क्षणभर जास्तच खेचतो. माप जुळलं म्हणून फॅन जुळला असं तर मुळीच नाही. 120 बाय 120 बाय 38 मध्ये 12 चा, 24 चा, 48 चा डीसी फॅन मिळतो आणि थेट 230 व्होल्ट एसीवर चालणाराही मिळतो. डीसीला बहुधा लाल-काळी वायर असते, पण रंगावर विसंबू नका, स्टिकर वाचा. तिसरी वायर असेल तर ती फॅन फिरतोय की नाही हे बोर्डाला कळवते. कुठे ती वेगाचे पल्स देते, कुठे नुसता बंद पडल्याचा इशारा. चुकीच्या प्रकारची आली तर चांगला फॅन फिरत असूनही मशीन फॉल्ट दाखवतं. फ्रेमवर बाण असतात, एक पात्यांच्या फिरण्याचा, दुसरा हवेचा. डीसी फॅनच्या वायरी उलट्या लावून हवेची दिशा बदलत नाही, फॅन तेवढा खराब होऊ शकतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आकडे तपासायचे म्हणून वेल्डिंग मशीनचं झाकण उघडून चालू मशीनमध्ये मीटरचे प्रोब घालू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही वेळ राहतो. ते काम जाणकारालाच करू द्या. फॅन मात्र दुकानात, त्याच्या खऱ्या व्होल्टवर लावून आपल्या मीटरने करंट मोजता येतो. मीटर पिशवीत मावतो.

दोन्ही स्टिकर दिसतील असा तो फॅन घेऊन मी पुन्हा त्या गाळ्यात गेलो. माणूस तोच होता. "ये हमारा माल नहीं है." बिल कुठे आहे, असं त्यानेच मला विचारलं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला माहीत होता, पण दाखवायला कागदाचा चिटोरा नव्हता आणि रोख दिल्यामुळे मोबाइलमध्येही काही नव्हतं. आम्ही बोलत असताना शेजारी एक मुलगा यूपीएसचा फॅन हातात घेऊन उभा होता. त्याला मी तिथेच दोन्ही स्टिकर दाखवले. तो काही न घेता निघाला.

नवा फॅन शेवटी पहिल्याच दिवशी "परवा या" म्हणालेल्या दुकानातून, बिलासकट आणला. त्यांनी 24 व्होल्टवर लावून मीटर माझ्याकडे फिरवला: 0.46 अँपिअर.