टॅमॉक्सिफेन की ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन : खरेदीपूर्वीचा विचार

पाषाण परिसरातल्या आमच्या प्रयोगशाळेत क्री-ईआरटी२ पेशींवर (यांतले डीएनए कापणारे क्री एन्झाइम बदललेल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला जोडलेले असते आणि टॅमॉक्सिफेनसारखे औषध त्याला चिकटले की कामाला लागते) काम सुरू करणारा प्रत्येक विद्यार्थी दरपत्रक पाहून एकच प्रश्न विचारतो : टॅमॉक्सिफेन इतके स्वस्त असताना त्याचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात त्यापासून बनणारे ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन, महागात कशाला घ्यायचे? याचे उत्तर प्रयोगात यकृत आहे की नाही, यावर अवलंबून आहे. टॅमॉक्सिफेन स्वतः इस्ट्रोजेन रिसेप्टरला बेताचेच चिकटते. यकृतातील सायटोक्रोम पी४५० गटाच्या एन्झाइमांनी, माणसात मुख्यतः सीवायपी२डी६ने, त्यावर हायड्रॉक्सिल गट बसवला की तयार होणारे ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेन कित्येक पटींनी घट्ट बसते. उंदराचे यकृत हे काम आपसूक करते, म्हणून तिथे मक्याच्या तेलात विरघळवलेले टॅमॉक्सिफेन पुरते आणि मेटाबोलाइटवरचा खर्च बहुधा वायाच जातो. प्लेटमध्ये वाढवलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतींच्या पेशींमध्ये) मात्र ही एन्झाइमे नावापुरतीच असतात, त्यामुळे तिथे काटकसर करू नये.

शिवाय हा खर्च वाटतो तेवढा नसतो. ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेनचा रेणुभार ३८७.५ असल्याने ५ मिलिग्रॅम पूड १.२९ मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक (साठ्याचे तीव्र द्रावण) होतो, आणि १ मायक्रोमोलर मात्रेसाठी १० मिलिलिटर मिडियमला त्यातला फक्त १ मायक्रोलिटर लागतो. एवढा थेंब पिपेटने अचूक घेणे अवघड असते. आधी दहापट विरल करून १० मायक्रोलिटर घालावेत आणि कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींनाही) तेवढेच इथेनॉल द्यावे.

प्रश्न स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा असेल, तर एंडॉक्सिफेन (टॅमॉक्सिफेनचेच आणखी एक मेटाबोलाइट) हा तिसरा पर्याय गंभीरपणे घ्यावा, कारण त्याची ताकद जवळपास तेवढीच असून रुग्णांच्या रक्तात ते ४-हायड्रॉक्सीटॅमॉक्सिफेनपेक्षा बरेच जास्त आढळते. (एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वापरणाऱ्यांनी फिनॉल रेडविरहित मिडियम घ्यावे, या रंगद्रव्याच्या नमुन्यांत इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम दिसतो.)

ऑर्डर देताना बाटलीत झेड समघटक (त्याच अणूंची वेगळी मांडणी असलेले रूप) किती टक्के आहे, हे जरूर पाहावे. परिणामकारक तोच असतो, पण द्रावणात त्याचे हळूहळू ई रूपात रूपांतर होते. एका मे महिन्यात आमचे पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आले आणि सोमवारपर्यंत गेटवरच पडून राहिले. बर्फाच्या पिशव्यांचे कोमट पाणी झाले होते. तेव्हापासून आम्ही पुरवठादाराला माल सोमवार ते बुधवारातच पाठवायला सांगतो, आणि स्टॉक छोट्या नळ्यांत वाटून, फॉइल गुंडाळून, उणे २० अंशांवर ठेवतो.