७० केडीए टीएमआर-डेक्स्ट्रान: मॅक्रोपिनोसायटोसिस मोजायचं तर हेच घ्या

पेशी बाहेरचा द्रव मोठ्या घोटांनी किती ओढून घेतात (म्हणजेच मॅक्रोपिनोसायटोसिस) हे मोजायला टीएमआर (टेट्रामिथाइलरोडामिन) हा चमकणारा रंग जोडलेलं डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, घेणार असाल, तर लेबलवर दोन गोष्टी बघा: ७०,००० रेणुभार (७० किलोडाल्टन, म्हणजे ७० केडीए) आणि ‘लायसिन-फिक्सेबल’ (लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं, म्हणून पेशीत पक्कं बसवता येणारं). मॉलेक्युलर प्रोब्स या ब्रँडच्या २५ मिलिग्रॅमच्या कुपीत दोन्ही मिळतं. १० केडीएचं डेक्स्ट्रान बारीक पुटिकांमधूनही (पेशीतल्या पडद्याच्या पिशव्या) आत शिरतं. ७० केडीएचं मात्र मुख्यतः ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंमुळे उचललेल्या पेशीपटलाच्या घड्या मिटून तयार होणाऱ्या मोठ्या पुटिकांत सापडतं, आणि मोजायच्या असतात त्या याच. लायसिन नसेल तर पेशी जागच्या जागी पक्क्या करणाऱ्या फॉर्मल्डिहाइडला पकडायला काही नसतं. ट्रायटन (पेशीपटलाला छिद्रं पाडणारा साबणासारखा पदार्थ) लावलं की रंग वाहून गेला.

कुपीत १.२५ मिली पीबीएस (फॉस्फेटचं खारट द्रावण) घातलं की २० मिग्रॅ/मिली स्टॉक होतो. एकूण ३०० मायक्रोलिटर द्रवात त्यातलं १५ मायक्रोलिटर, म्हणजे १ मिग्रॅ/मिली. एका कुपीत साधारण ८० कव्हरस्लिपा (पेशी वाढवलेल्या पातळ काचा) निघतात, त्यामुळे किंमत वाटते तेवढी जड नाही. स्टॉक वापरण्याआधी सेंट्रिफ्यूज करा. डेक्स्ट्रानच्या गुठळ्या काचेला चिकटतात आणि फोटोत हुबेहूब पुटिकांसारख्या दिसतात. पेशी नसलेल्या जागीही ठिपके चमकत असतील, तर ती स्लाइड मोजू नका.

पेशी रात्रभर सिरमशिवाय (रक्तद्रवाशिवाय) ठेवा, कारण सिरममधले वाढघटकच घड्या उठवतात. मग ३७ अंशांवर ३० मिनिटं डेक्स्ट्रान, बर्फगार पीबीएसने पाच वेळा धुणं, ३.७ टक्के फॉर्मल्डिहाइड. जास्त वेळ ठेवल्यास पुटिका आक्रसतात, लायसोसोमला (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांना) जुळतात आणि मोजणी बिघडते.

फ्लुओरेसिनवालं डेक्स्ट्रान इथे नको. पुटिकेच्या आत आम्लता वाढते तसा त्याचा उजेड मंदावतो. टीएमआरसारख्या रोडामिनला हा त्रास नाही.

ईआयपीए (मॅक्रोपिनोसायटोसिस रोखणारं रसायन) वापरलेल्या कंट्रोलशिवाय मात्र या रंगावर विश्वास ठेवू नये. २५ ते ७५ मायक्रोमोलर ईआयपीए ३० मिनिटं आधी द्यायचं, शेजारी तेवढंच नुसतं डीएमएसओ (ईआयपीए विरघळवायचा द्रव). ईआयपीएने पेशीपटलावरची सोडियम-हायड्रोजन अदलाबदल थांबते, पेशीपटलालगतचा पीएच उतरतो, घड्या उठवणारी रॅक१ आणि सीडीसी४२ ही प्रथिनं जागी होत नाहीत. तरीही चमक तेवढीच राहिली, तर ती मॅक्रोपिनोसायटोसिसची नाही. पेशी गोल होऊन सुटत असतील तर मात्रा जास्त झाली आहे. नवी कुपी तपासायला केरास हे जनुक बदललेल्या मिया पाका-२ आणि न बदललेल्या बीएक्सपीसी-३ (दोन्ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी) शेजारी शेजारी लावा. पहिल्यात ठिपके स्पष्ट जास्त दिसले पाहिजेत.

फक्त जिवंत पेशींचं चित्रण करायचं असेल, तर लायसिनवाल्या कुपीवर खर्च करायची गरज नाही.