आमच्या तालुक्यातलं वाचनालय, परराष्ट्र धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकानं इथं एकदा बसावं

यावल तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं चांगली आहेत.

मी तिथं जायला लागलो ते 2025 च्या जूनमधे. 12 जूनला युनोत गाझाच्या युद्धबंदीचा ठराव आला, 149 देश बाजूने, 12 विरोधात, आणि तटस्थ 19 मधे आपण. आता डिसेंबर 2023 मधे युद्धबंदीच्याच ठरावाला आपण हो म्हटलं होतं, मग मधे बदललं काय ते साध्या माणसाला कळेल असं कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्याच दिवशी इस्रायलनं इराणवर हल्ला केला, शांघाय सहकार्य संघटनेनं (भारत, चीन, रशिया, इराण वगैरे देशांचा गट) निषेधाचं पत्रक काढलं त्यापासून आपण लांब राहिलो, आणि सप्टेंबरमधे चीनमधल्या तियानजिनला याच संघटनेची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात त्याच हल्ल्यांचा निषेध होता तर त्याला आपली संमती. काँग्रेस तुटून पडली, सत्ताधारी देशहित देशहित म्हणत राहिले, आणि इकडे आमचे केळीवाले एकमेकांना विचारत होते की भाऊ, आखातात माल जाईल की नाही, कारण रावेर-यावलच्या केळीसाठी ते मार्केट लय महत्त्वाचं आहे. टीव्हीवर नुसती आरडाओरड, उत्तर कुठंच नाही.

वाचनालयाचा पेपर विभाग यासाठी खरंच भारी आहे. मराठी पेपर सगळे येतात, दोन इंग्रजी येतात, वाचायला फी नाही. पण खरी सर्व्हिस म्हणजे कोपऱ्यातला कॉम्प्युटर आणि ग्रंथपाल ताई. त्यांना विषय सांगितला की त्या संसदेच्या डिजिटल लायब्ररीतून लोकसभेतल्या जुन्या चर्चा काढून देतात, कंटाळा करत नाहीत. मी 1956 चं हंगेरी मागितलं. तेव्हा सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला केला म्हणून नेहरूंनी ब्रिटन-फ्रान्सला लगेच सुनावलं आणि हंगेरीतला उठाव मोडायला रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा युनोत आपण आधी तटस्थ राहिलो, नंतर एका ठरावाच्या विरोधातच मत दिलं, यावर देशात केवढी ओरड झाली होती! जयप्रकाश नारायणांसारखा माणूस, नेहरूंचा जुना सोबती, उघड बोलला. पुढं 1968 ला रशियानं चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसवल्या त्या वेळी इंदिराबाईंचं सरकार सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिलं तर त्यांचेच मंत्री अशोक मेहता राजीनामा देऊन बाहेर पडले. मंत्रिपद सोडलं राव, दुसऱ्या देशावरच्या अन्यायासाठी. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की सरकार कुणाचंही असो, युनोत दिलेल्या प्रत्येक मोठ्या मतामागचं कारण सभागृहात उभं राहून सांगितलं पाहिजे, आणि विरोधकांनी पण नुसतं संसदेच्या गेटवर फलक धरण्यापेक्षा तारांकित प्रश्न टाकावा, त्यावर मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर येतं, ते कोण वाचतं.

आणि कुणी म्हणत असेल की खेड्यातल्या माणसाला काय करायचंय परदेशाचं, तर फैजपूर आमच्याच तालुक्यात आहे. डिसेंबर 1936 चं काँग्रेस अधिवेशन तिथं झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, आणि ते तिथं स्पेनमधलं यादवी युद्ध आणि फॅसिझम यावर बोलले होते. म्हणजे स्वतःचं सरकार नव्हतं तेव्हा सुद्धा आपल्या मातीत हा विषय झालाय.

आता तक्रारी. कॉम्प्युटर एकच आणि नेट मधेच जातं, पीडीएफ उघडायला वेळ लागतो. जुन्या पेपरच्या बांधीव फाइली खालच्या कपाटात आहेत, तिथं ओल येते, त्या वर घ्यायलाच पाहिजेत, उद्या वाळवी लागली तर परत मिळणार नाहीत. परीक्षेची तयारी करणारी पोरं सगळी टेबलं धरून बसतात, त्यांचं पण बरोबर आहे, पण पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं, एक टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवा.

जायचं असेल तर दुपारचं जा, गर्दी कमी असते आणि ताई निवांत असतात. विषय आणि साल चिठ्ठीवर लिहून न्या. आधी 1956 मागा, मग 1968, आणि 2008 चा अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून आलेला मनमोहन सिंग सरकारचा विश्वासठराव पण सोडू नका, डाव्यांनी पाठिंबा काढला होता आणि 275 विरुद्ध 256 असं सरकार वाचलं होतं, ती चर्चा वाचायला एक दुपार पुरत नाही.