झोहो मेल: सहा वर्षं वापरल्यावर, आणि दुसऱ्यांचे मेल आपल्याकडे येतात त्याबद्दल

आमचं गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला छोटं होमस्टे आहे, तीन खोल्या, मागे कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग. सहा वर्षं झाली आमचे मेल झोहो मेलवर आहेत, स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यात ॲटच्या पुढे आमचंच नाव. भाच्याने सुरू करून दिलं, म्हणाला मावशी जीमेलचा पत्ता बोर्डावर बरा दिसत नाही. पहिली वर्षं फुकटच्या प्लॅनवर काढली, त्यात एक डोमेन, पाच युजर, प्रत्येकी ५ जीबी, आणि मेल ब्राउझरमध्ये नाहीतर त्यांच्या ॲपमध्येच बघायचे, आउटलुकला जोडता येत नाही. आम्हाला तेवढं पुरत होतं. कुळागरात रेंज जेमतेम असते तरी ॲप उघडतं, जाहिराती नाहीत, कंपनी चेन्नईची. एवढ्यावर पाच स्टार दिले असते पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, कारण नवीन होमस्टेवाले मला हल्ली विचारतात की मेलमधलं कॅच-ऑल नावाचं सेटिंग चालू करू का.

आमच्या नावात वाडी आहे. आम्ही ती इंग्रजीत डब्ल्यूने लिहिली आणि तिकडे किनाऱ्याकडे एक मोठं रिसॉर्ट आहे त्यांनी तीच व्हीने लिहिली, बाकी अक्षर न अक्षर सारखं, पुढे दोघांचंही डॉट कॉम. मराठीत व एकच, इंग्रजीत त्याला दोन अक्षरं, आपल्याकडे तर एकाच वाड्याच्या दोन पाट्यांवर दोन स्पेलिंग सापडतील. फोनवर नाव ऐकून माणूस त्याला सुचेल ते टाइप करतो, आणि मेल बिनबोभाट दुसऱ्याच्या घरी जातो कारण ते डोमेनही खरंच असतं.

कॅच-ऑल म्हणजे तुमच्या डोमेनवर न बनवलेल्या पत्त्याला आलेला मेलसुद्धा एका ठरवलेल्या इनबॉक्समध्ये घ्यायचा. कोणी बुकिंगचं स्पेलिंग चुकवलं तरी गिऱ्हाईक जायला नको म्हणून आम्ही ते ॲडमिन कन्सोलमधून मुद्दाम चालू केलं होतं. ते आपणहून चालू नसतं, त्यामुळे पुढे जे झालं त्यात झोहोचा काही दोष नाही, सेटिंग आमचं होतं.

रिसॉर्टचे मेल यायला लागले. लग्नाच्या पार्टीच्या याद्या, भाजीवाल्याची बिलं, नोकरीचे अर्ज, आणि सगळ्यात जास्त पासपोर्ट. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते म्हणून हॉटेलं पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी आधीच मागवतात, तर अख्ख्या कुटुंबांचे पासपोर्ट माझ्या फोनवर. मला ते उघडतानाच कसंतरी व्हायचं. मी सुरुवातीला सगळं त्या रिसॉर्टला फॉरवर्ड करायचे, दोनदा फोनही केला, समोरचा म्हणाला सांगतो मॅनेजरला, पुढे काही नाही. मग मी ते मेल एका फोल्डरला लावून दिले आणि वेळ मिळेल तसे बघायचे.

आणि त्या फोल्डरमध्येच तो मेल चार दिवस पडून होता. जानेवारीतली गोष्ट, एक जोडपं, दोन लहान मुलं, विमान रात्री साडेबाराला मोपा विमानतळावर उतरणार, गाडी पाठवा. पत्ता पिकअप ॲट आमचं डोमेन. असा पत्ता आम्ही कधी बनवलाच नव्हता. मी तो वाचला दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याखाली त्याच माणसाचे रात्रीचे आणखी दोन मेल होते, गाडी कुठे आहे विचारणारे. पोरांना घेऊन ती माणसं रात्री एअरपोर्टवर उभी होती आणि त्यांचा निरोप माझ्याकडे होता. मी लगेच फोन नंबर शोधून माफी मागितली, बाई चांगली बोलली, टॅक्सी मिळाली म्हणाली, पण मला ते आजही लागतं.

भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने जे समजावलं ते मला आधी कळायला हवं होतं. कॅच-ऑल बंद असतं तर झोहोच्या सर्व्हरने तो मेल दारातच नाकारला असता, ५५० चा कोड देऊन, असा युजर इथे नाही म्हणून, आणि पाठवणाऱ्याला त्याच्या जीमेलमध्ये मिनिटभरात पत्ता सापडला नाही असा मेल परत आला असता. चार दिवस आधी. त्याने पत्ता तपासला असता, फोन केला असता. आम्ही मेल घेतला म्हणून त्याला वाटलं पोचला. मेल घेऊन मग गप्प बसणं हे न घेण्यापेक्षा वाईट, मला हे त्या रात्रीनंतर कळलं.

हे फक्त आमच्यासारख्या लहान लोकांचं नाही हं. अमेरिकेच्या लष्कराचं डोमेन डॉट मिल, माली देशाचं डॉट एमएल, मधला एक आय राहिला की मेल थेट मालीच्या डोमेनवर. योहानेस झूरबियर नावाचा डच माणूस २०१३ पासून मालीचं डोमेन सांभाळत होता, त्याने २०२३ च्या जानेवारीपासून असे मेल जमवले तर जुलैपर्यंत सुमारे १,१७,००० झाले. त्यात तिथल्या लष्करप्रमुखाच्या इंडोनेशिया दौऱ्याच्या हॉटेलातल्या खोल्यांचे नंबरसुद्धा होते. खोल्यांचे नंबर वाचून मला आमचे पासपोर्टच आठवले.

तर त्याच दिवशी कॅच-ऑल बंद केलं. आमच्याच पाहुण्यांनी स्पेलिंग चुकवलं तरी मेल हरवू नये म्हणून दोन-तीन नेहमीच्या चुकीच्या पत्त्यांचे अलियस बनवले, म्हणजे त्याच इनबॉक्सला जोडलेले जादा पत्ते, ते झोहोत सोपं आहे, वेगळा युजर लागत नाही. पण इन्फो ॲट हा पत्ता दोघांकडेही आहे, तो कसा नाकारणार? तिथे आम्ही आमचा मुख्य पत्ताच बदलला, इन्फोच्या जागी कुळागर ॲट केलं, बोर्ड आणि पावत्या नव्याने छापल्या. इन्फो एका वर्षासाठी चालू ठेवलाय जुन्या पाहुण्यांसाठी, त्याच्यावर फिल्टर, विषयात रिसॉर्टचं नाव किंवा मोपा असा शब्द आला की मेल वेगळ्या फोल्डरला, तो मी रोज दोनदा बघते. झोहोच्या टेम्प्लेटमध्ये चार ओळी लिहून ठेवल्यात, तुमचा मेल चुकून आमच्याकडे आलाय, आम्ही ते हॉटेल नाही, त्यांच्या पत्त्यात व्ही आहे, कृपया फोन करून खात्री करा, आणि तुमची कागदपत्रं आम्ही डिलीट केली. उत्तर देताना अटॅचमेंट पुन्हा जोडायची नाही आणि ती रिसॉर्टला फॉरवर्ड पण करायची नाही, ज्याची कागदपत्रं त्यालाच कळवायचं. स्पॅमला उत्तर द्यायचं नाही, म्हणून हे ऑटो-रिप्लायवर सोडलेलं नाही, हातानेच पाठवते.

मग व्हीवालं डॉट इन मोकळं होतं ते घेतलं, आमच्या खात्याला जोडलं, दुसरं डोमेन जोडायला पैशाचा प्लॅन घ्यावा लागला. मला पटलं, नाहीतर कोणीतरी तिसरा येऊन तेच नाव घेऊन बसला असता.

अलियस, फिल्टर, टेम्प्लेट, हे सगळं झोहोत एकाच ठिकाणी मिळालं म्हणून मी त्यांना चार स्टार देते. पाचवा राखून ठेवला कारण लहान धंद्याला फुकटच्या प्लॅनमध्ये निदान दोन स्पेलिंगची दोन डोमेनं मिळायला हवीत असं मला मनापासून वाटतं, आपल्या नावांना तेवढी गरज आहेच. आणि डोमेन घ्यायच्या आधी तुमचं नाव व्ही आणि डब्ल्यू, दोन्हीने शोधून बघा, दोन ई की एक आय तेही बघा. परवाच शिरोड्याच्या एका वहिनीचं नाव आम्ही बसून शोधलं, चार स्पेलिंगपैकी तीन गेलेली होती, तिने नावच बदललं.